गर्दी करू नये

१० जुलै १९५७, बुधवार. चिंचवड

सकाळी बाहेर पडलो तर पायरीवर कुणीतरी पिचकारी टाकलेली. ताजी. पाय पडता पडता वाचला. शी! चाळीत नऊ बिऱ्हाडं, त्यातली पाच खोकतायत, आणि थुंकायला सगळ्यांना माझीच पायरी सापडते.

आजपासून देवी टोचायचं काम बंद. मेडिकल ऑफिसर साहेबांचा हुकूम. फ्ल्यूची साथ ओसरेपर्यंत मी सायकलीवर गावोगाव जायचं आणि सूचना द्यायच्या. गर्दी करू नये. ताप आलेल्यानं वेगळं निजावं. खोकताना तोंडावर फडकं धरावं. आजाऱ्याच्या घरी जाऊ नये. वाटेल तिथं थुंकू नये. पाच ओळी, साहेबांनी स्वतः लिहिलेल्या. पाचवीतल्या पोराला कळतील. मोठ्यांना कळणार नाहीत, हे आजच लिहून ठेवतो.

मला हा ताप जूनमध्ये येऊन गेला, पुण्याला ट्रेनिंगला होतो तेव्हा. आठ दिवस तिथंच खाटेवर काढले. एकदा आला की या साथीत पुन्हा सहसा येत नाही म्हणे, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात. बायको, सु., तेव्हा तिच्या आईकडे नगरला होती. तिला आलेला नाही. तिला सातवा चालू. साहेबांनी परवा बाजूला घेऊन सांगितलं, "गरोदर बायकांना हा ताप वाईट. छातीत उतरतो. घरात जपा."

लग्नाला नऊ वर्षं. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. त्यानंतर आत्ता हे. जपा म्हणजे काय, डोळ्यांत तेल घालून बसलोय मी.

१२ जुलै, शुक्रवार

तळवडे. चिखल घोट्यापर्यंत, सायकल खांद्यावर घेतली. तिथल्या आप्पा पाटलांना सूचनेचा कागद कालच पाठवला होता. गावात शिरलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. म्हटलं वा, सुधारलं की गाव! देवळाशी आलो आणि कपाळावर हात मारला. अख्खं गाव देवळात. म्हातारी, तान्ही, ताप आलेली, खोकणारी, घोंगडी पांघरून कण्हणारी. मांडीला मांडी लावून.

आप्पांनी काल कागद मिळताच दवंडी पिटवलेली. "समद्यांनी सकाळी देवळात जमावं होऽऽ! गर्दी करू नका म्हून सांगायला डाक्तर येनार हायती होऽऽ!"

मी ओरडलो. आप्पांनी हात जोडले. "व्हय डाक्तर. तुमी म्हनाल तसं. आता समदी जमलीच हायती तर येकदा सांगून टाका, मंग जात्याल आपापल्या घरी."

सांगितलं. काय करणार? माझ्या तोंडावर फडकं, समोर दोनशे तोंडं उघडी. शेवटी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. एकाच परातीतून. जो तो मूठ घालतोय, खोकतोय, पुन्हा मूठ घालतोय. मी दोन पावलं मागं सरलो. आप्पा मलाही मूठभर द्यायला लागले. "घ्या की. लाजताय व्हय?"

१३ जुलै, शनिवार

पाऊस. फेरी नाही. चार दिवस माणसं बघून एक हिशेब मनात बसलाय, तो लिहून ठेवतो. पुढं खुणेनं लिहीन.

हो. = होयबा. तोंडावर हो हो, पाठ वळली की पालथ्या घड्यावर पाणी. आप्पा.

ना. = नाठाळ. सांगाल त्याच्या उलट. "तुम्ही कोण सांगणार?"

फु. = फुशारकी. "मला काय होतंय?"

भि. = भिडस्त. यांना सगळं कळतं, पण समोरच्याला नाही म्हणता येत नाही. जो समोर उभा त्याचं ऐकायचं.

सर्वांत घातक ना. असं आज तरी वाटतं. सु. ला वाचून दाखवलं. हसली. "मी कशात?" म्हटलं, "तू कशात नाहीस. तू माझं ऐकतेस." "आणि तुम्ही?" "मी लिहिणारा."

१५ जुलै, सोमवार

बायजाकाकू. आमच्या मालकीणबाई. जुनं चिंचवडचं शेतकरी घर, रानं कारखान्याकडे गेली, आता चाळीच्या भाड्यावर बसून आहेत. मन सोन्याचं, नाही कोण म्हणतो? पण सकाळी उठून पितळेचा डबा काढतात, त्यात पेज भरतात आणि निघतात समाचाराला. ज्याच्या घरी ताप त्याच्या उशाशी जाऊन बसायचं. कपाळावर हात ठेवायचा. त्याच हातानं पुढच्या घरी पुढचं कपाळ. आणि मग संध्याकाळी आमच्याकडे, सु. ची वेणी घालायला!

आज दारातच अडवलं. म्हटलं काकू, उद्यापासून यायचं नाही.

"आरं पर मला कुटं ताप हाय?"

"तुम्हाला नाही, तुमच्या हाताला आहे."

"हात धुतला की म्या. राखेनं."

"समाचाराला जाऊ नये असं सरकारचं सांगणं आहे, काकू."

तर म्हणतात, "सरकारला काय हुतंय सांगाया? आजाऱ्याच्या दारात न्हाई गेलं तर उद्या त्यो मेल्यावर त्याच्या बायकूला त्वांड कसं दावायचं?"

मरण्याची तयारी आहे, तोंड दाखवायची सोय पाहिजे. सु. आतून म्हणाली, "अहो, हळू. त्यांना वाईट वाटेल." वाटू दे. सु. कडून कबूल करून घेतलं: मी नसताना कडी लावून बसायचं, कुणाला आत घ्यायचं नाही. "हो," म्हणाली. लगेच म्हणाली.

१७ जुलै, बुधवार

निघोजे. एक पैलवान. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे लाल, आणि गडी पावसात उघडा उभा राहून म्हशी धुतोय. म्हटलं घरात निजा. दंड थोपटले त्यानं! माझ्यासमोर! "ताप बायकांस्नी येतो, डाक्तर." आणि बोलता बोलता जो शिंकला तो माझ्या चष्म्यावर. फु. नमुना पहिल्या प्रतीचा. दिवसभर चष्मा पुसतोय, तरी पुसल्यासारखा वाटत नाही.

आखाड आहे. प्रत्येक वस्तीवर देवीचा नैवेद्य, प्रत्येक नैवेद्याला पंगत. सूचना वाचून दाखवली की विचारतात, "म्हंजे जेवाया बसायचं न्हाई का?" घरी आलो की विहिरीवर साबणानं आंघोळ, कपडे बाहेरच्या बाहेर उकळत्या पाण्यात, मग आत. सु. माझ्याकडे बघून म्हणते, "सोवळ्यातले झालात तुम्ही." होय. झालो.

१८ जुलै, गुरुवार

सदा फिटर. आमच्या डोक्यावर माडीत राहतो. रत्नागिरीकडचा, पिंपरीला कारखान्यात कामाला. एकटा जीव. चाळीत कुणाशी धड बोलत नाही, गणपतीची वर्गणी देत नाही, लग्नाला जात नाही. मी सूचनेचा कागद द्यायला गेलो तेव्हा माझ्यादेखत त्याची सुरळी करून शेगडी पेटवली. ना. म्हणून नाव टिपून ठेवलं होतं.

आज बघतो तर त्यानं जिन्याच्या वरच्या पायरीवर बाभळीची काटेरी फांदी आडवी बांधलेली. सुतळीनं, फिटरच्या गाठी मारून. खालून हाक मारली तर वरून खेकसला, "हयसर कोण येवचा नाय! सगळे मेले खोकतत!"

कारखान्यातून मुकादम बोलवायला आला, त्यालाही फांदीपाशीच अडवलं. पाणी बादली दोरीला बांधून खिडकीतून ओढून घेतो. कुणाला शिवत नाही, कुणाचं खात नाही.

म्हणजे अख्ख्या टापूत सूचना जर कुणी अक्षरशः पाळल्या असतील तर ज्यानं त्या जाळल्या त्यानं! आणि पाळल्या कशामुळं? माणसांचा तिटकारा म्हणून. लोकांचं भलं व्हावं म्हणून नव्हे. मला आनंद व्हायला हवा होता. उलट त्याचाही वीट आला. काकू समाचाराला जाऊन पन्नास जणांना ताप वाटतात आणि सगळे त्यांच्या पाया पडतात. हा कुणाला काही देत नाही, आणि सगळे त्याला माणूसघाणा म्हणून शिव्या घालतात. मीसुद्धा घालतोच.

२० जुलै, शनिवार

कडाक्याचं भांडण. काकू अंगणातून ओरडून बोलत होत्या (उंबऱ्याच्या आत येत नाहीत आता, रुसल्यात). सु. चं डोहाळजेवण करायचं म्हणे. चाळीतल्या बायकांनी ठरवलंय. हिरवी साडी आणलीय, फुलांच्या वाड्या सांगितल्यात.

म्हटलं डोहाळजेवण नाही.

"पयलटकरीन हाय पोर. वटी भरल्याबिगर ऱ्हायली तर?"

"राहिली तर राहील. पंधरा बायका एका खोलीत? बिलकूल नाही. काकू, मागच्या खेपेला ओटी भरली होती. राहिलं का?"

हे बोलायला नको होतं. सु. दारात उभी होती. तशीच आत गेली. काकूंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "बरं बाबा. गर्दी करायची न्हाई. न्हाई करत."

सुटलो म्हटलं.

२२ जुलै, सोमवार

चऱ्होलीहून दुपारी लवकर परत आलो. नदीला पाणी, उतार बंद, म्हणून. दार उघडंच. आत सु. पाटावर बसलेली, हिरवी साडी, कपाळभर कुंकू, मांडीवर नारळ आणि खण. समोर चाळीतली एक बाई तिच्या तोंडात पेढा भरवतेय. दुसरी बाहेर ओट्यावर थांबलेली. तिसरी अंगणात. रांग. रेशनला असते तशी.

सकाळपासून अकरा झाल्या म्हणे!

काकू पुढं आल्या, चेहरा असा की मी शाबासकीच देणार. "डाक्तर, तुमी सांगितलं तसंच केलंया. गर्दी न्हाई केली. येकेकच आत जाती. येक बाहीर आली की दुसरी. चोरवटी भरली. गाजावाजा न्हाई, गानी न्हाई."

चोरओटी! ती तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात, ती यांनी माझ्यासाठी सातव्यात काढली. अकरा जणी, एकाच पाटासमोर, एकाच तबकातलं कुंकू, अकरांचे हात तिच्या कपाळावर, अकरांची बोटं तिच्या तोंडात. आणि हे सूचना पाळून! गर्दी केली असती तर निदान एकदाच खोकल्या असत्या.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. बायका पळाल्या. नारळ, खण, केळी, सगळं बादलीत टाकून विहिरीत टाकायच्या लाल औषधात बुडवलं. नारळ वांगी रंगाचे झाले. सु. बघत बसली.

मग तिच्यावर घसरलो. "तू मला हो म्हणाली होतीस!"

"म्हणाले होते."

"मग?"

"त्यांनाही हो म्हणावं लागलं. दारात उभ्या होत्या हो, हातात ताट घेऊन. काय सांगू, जा म्हणून? माझ्याच ओटीला आलेल्या बायकांना?"

"होय! जा म्हणून! एवढं एक वाक्य तुला येत नाही?"

ती रडायला लागली. भि. भिडस्त. माझ्याच घरात. आणि मी नाठाळ शोधत गावं पालथी घालतोय. आज कळलं, नाठाळ परवडला. तो निदान ठरलेल्या जागी उभा असतो. भिडस्त माणसाचं दार त्याचं नसतंच, जो धक्का देईल त्याचं असतं. माझी बायको आहे, नऊ वर्षांची, आणि तिच्याकडं बघून मला आज किळस आली. हे लिहिलं. खोडणार नाही.

२३ जुलै, मंगळवार

ताप बघितला. नाही.

तिच्याशी बोललो नाही.

२४ जुलै, बुधवार

नाही. अकरा जणींतल्या एकीला ताप आल्याचं कानावर. आज तिसरा दिवस. ताप यायचा तर दोन-तीन दिवसांत येतो.

सु. नं जेवायला वाढलं. "बोला ना हो." म्हटलं, "काय बोलू? आधी दिवस जाऊ देत."

२५ जुलै, गुरुवार

नाही. बाळ हलतंय, सारखं. तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला. लाथ मारली की लेकानं! मी हसलो, मग आठवलं की मी रागावलेलो आहे.

२६ जुलै, शुक्रवार

नाही. पाचवा दिवस संपला. ओटीतून काही आलं नाही. वाचलो. देवाला मानत नाही, पण आज मोरयाच्या देवळावरून जाताना सायकल हळू केली.

काकू अंगणातून: "डाक्तर, बरी हाय का पोर?" म्हटलं बरी आहे, तुमच्या कृपेनं नव्हे.

२७ जुलै, शनिवार

साहेब घरी आले होते.

चाकणच्या बाजाराची तपासणी करून परतत होते. जीप इथंच वेशीपाशी रुतली. ड्रायव्हर बैल आणायला गेला. साहेब चिखलातून चालत माझ्या दारात. भिजलेले. "म्हटलं तुमच्याकडं जरा टेकावं. चहा मिळेल ना?"

मिळेल ना! मी टॉवेल आणायला धावलो. खुर्ची पुसली. आतल्या खोलीत ठेवली, बाहेर ओट्यावर पाऊस येत होता म्हणून. ओट्यावर पाऊस जरासाच येत होता.

टॉवेल देताना हात लागला. पोळलं.

डोळे लाल. बसल्याबसल्या खोकले, मूठ तोंडाशी नेऊन. फडकं नाही. "थोडी कणकण आहे," म्हणाले. "आपणच आडवे झालो तर कसं व्हायचं? काय?" आणि हसले. मीही हसलो. हसलो मी.

वाक्य तोंडात होतं. साहेब, आपण ओट्यावर बसावं, घरात गरोदर बाई आहे. एवढंच. तेही त्यांच्याच कागदातलं. आलं, दातांपर्यंत आलं. आणि मी म्हणालो, "साखर किती घ्याल?"

सु. नं चहा आणला. माझ्याकडं बघितलं तिनं, दारातच. थांबू का, असं. मी मानेनं ये म्हणालो.

साहेबांनी तिला बसवून घेतलं. "या वहिनी, बघू जरा." मनापासून म्हणाले, माणूस चांगला. नाडी बघितली. डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली. जीभ बघितली. तोंडाजवळ तोंड. "सगळं छान आहे. जपा हं. गर्दीत जाऊ नका." मध्ये दोनदा खोकले, त्याच हाताच्या मुठीत. मी टॉवेल धरून उभा. माझा कायम होण्याचा कागद साहेबांच्या सहीसाठी गेला महिनाभर पडून आहे, हे काय मला त्या वेळी आठवलं? आठवलं. खोटं कशाला लिहू.

पाऊण तास बसले. जाताना म्हणाले, "तुमचं काम उत्तम चाललंय. वर लिहितो."

ते गेल्यावर खुर्ची धुतली, कप उकळले. सु. ला हातपाय, तोंड सगळं साबणानं धुवायला लावलं. ती म्हणाली, "काकूंना हाकललंत, आणि—" पुढं बोलली नाही. ती पुढं बोलत नाही कधी.

२८ जुलै, रविवार

शिपाई निरोप घेऊन आला. साहेब काल घरी पोचले ते आडवेच. ताप १०४.

मी तिचा ताप बघितला. नाही. पुन्हा तासाभरानं. नाही. ती म्हणाली, "आता काय झालं? ओटीला तर सहा दिवस झाले." मी पुन्हा थर्मामीटर झटकला.

२९ जुलै, सोमवार

दुपारी अंग दुखतंय म्हणाली. चारला १००. सहाला १०२.

३० जुलै, मंगळवार

१०३. खोकला. साहेबांच्या जागी पुण्याहून बदलीचे डॉक्टर आलेत, तरुण. पेनिसिलीन दिलं. उजव्या बाजूला खाली आवाज येतोय म्हणाले. पुण्याला न्यायचं का विचारलं, तर या अवस्थेत हलवू नका. "कुठून लागलं? घरात कुणी आलं होतं का?"

सु. पडल्यापडल्या म्हणाली, "मी ओटी भरून घेतली हो डॉक्टर. यांनी नको सांगितलं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "केव्हा?" "आठ दिवसांपूर्वी," ती म्हणाली. डॉक्टरांनी बोटं दुमडली, काहीतरी मोजल्यासारखं, पण तेवढ्यात सुईची डबी उघडायला घेतली आणि विषय राहिला.

मी राहू दिला.

३१ जुलै, बुधवार

काकू ओट्यावर बसून आहेत. आत येत नाहीत, जात नाहीत. गुडघ्यात डोकं. डबा बंद, समाचार बंद. चार पावसाळ्यांचं रडणं एकदम रडल्या. "डाक्तर, माझं हात तोडा. म्या आनलं पोरीवर. म्या."

चाळीतल्या बायका लांबून येतात, काकूंकडं बघतात, माझ्याकडं बघतात आणि च् च् करतात. माझ्यासाठी. एवढं सांगत होता बिचारा, ऐकलं नाही कुणी. कुणीतरी माझ्या दारात पाण्याच्या दोन कळशा भरून ठेवल्या, न शिवता, दूर. आता सगळ्यांना नियम कळलेत. पायरी स्वच्छ आहे.

आणि मी ते च् च् ऐकून घेतो. मान खाली घालून. वर त्यात थोडं बरंही वाटतं. थू आहे माझ्या जिण्यावर.

१ ऑगस्ट, गुरुवार

१०३. श्वास वर लागतोय. तीन उशा टेकू दिल्यात. बाळ सकाळी हललं, एकदाच.

पाणी भरायला बाहेर गेलो तर वरून आवाज. सदा. काटेरी फांदीच्या मागून नुसतं डोकं.

"कसा आसा?"

म्हटलं छातीत आहे.

मग म्हणाला, "त्या दिवशी तो साहेब खोकत होता. फळ्यांतून वर ऐकू येत होता माका. तुमी त्याला नाय अडवलात?"

मी बादली उचलली आणि आत आलो. तो कुणाला सांगणार नाही. तो कुणाशी बोलतच नाही. या विचारानं मला हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याची इतकी शिसारी आली की मोरीत जाऊन खरंच ओकलो.

काकू ओट्यावरून: "आरं, तुलाबी हुतंय का काय?"

सांगायचं. काकूंना तरी सांगायचं. म्हातारीचं रडणं थांबेल. एक वाक्य आहे. काकू, तुम्ही नव्हे. तीन शब्द. बाहेर गेलो. त्यांच्यासमोर उभा राहिलो. म्हणालो, "काकू, घरी जा. भिजताय."

२ ऑगस्ट, शुक्रवार

१०२. डॉक्टर म्हणतात आज-उद्या कळेल. दुसरं इंजेक्शन. बाळाचं नक्की सांगता येत नाही, सुईणबाईंना उद्या आणतो म्हणाले.

साहेबांना उतार पडला. शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवलीय, "वहिनींचं कळलं. फार वाईट वाटलं. आपल्या लोकांना सांगून समजत नाही, हेच खरं." खाली सही. झोकदार. बरोबर माझा कायमचा कागदही, सहीनिशी.

दोन्ही कागद एकत्र घडी करून या वहीत ठेवलेत. फाडायचे होते. फाडले नाहीत.

३ ऑगस्ट, शनिवार, सकाळ

१०१. की माझ्या डोळ्यांना दिसतंय तसं? पुन्हा बघितलं. १०१ आणि दोन रेघा. खोकला तसाच. ओठ अजून निळसर. काल दुपारपासून बाळ हललेलं तिला कळलं नाही. झोपलं असेल म्हणते. मी हात ठेवून बसलो, बराच वेळ. माझ्याच मनगटाची नाडी लागत होती.

सुईणबाई दहाला येणार.

चमच्यानं पेज दिली. काकूंनी करून उंबऱ्यावर ठेवलेली. आज घेतली मी. चार चमचे गेली. मग माझ्याकडं बघत राहिली. हळू बोलते, मध्ये मध्ये दम लागतो.

"अहो, रागावलात का अजून?"

"कशाबद्दल?"

"तेच. ओटीचं. तुम्ही सांगत होतात... माझ्यानं नाही म्हणवलं नाही. बाळाला काही झालं तर माझ्यामुळंच ना..."

आत्ता. आत्ता सांगायचं. खोलीत दोघंच. दार लावलेलं. कुणाची भीड? कुणाची आहे आता?

"झालं गेलं," मी म्हणालो. "मनात नको आणूस. मी विसरलो सगळं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात ओढून गालाखाली घेतला, गरम गाल, आणि डोळे मिटून म्हणाली, "फार मोठं मन आहे तुमचं."